दाराला लावलेला कान

वकीलसाहेबांनी नाटक्या अण्णांना फसवले. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण नाशकात आता वेगळेच सांगितले जाते. अण्णांनी हौसेने सगळे दान केले आणि समाधानाने डोळे मिटले, म्हणे. दान हौसेने केले, हे खरे. समाधानाचे मला सांगू नका. शेवटी त्यांच्या शेजारी मी उभा होतो.

अण्णा वाळवी ऐकत. जुने पुस्तक हातात आले की ते उघडत नसत. आधी कानाला लावत, पुठ्ठ्यावर टिचकी मारत आणि डोळे मिटून थांबत. भद्रकालीतल्या माझ्या भंगाराच्या दुकानात ते पहिल्यांदा आले, तेव्हा मी मोडीत निघालेल्या एका नाटक कंपनीची पेटी फोडून बसलो होतो. आत खेळाच्या वेळी विकायची पदांची पुस्तके, गुलाबी कागदावरच्या जाहिराती आणि राजाचा एक मुकुट होता. अण्णा एकेक पुस्तक कानाला लावू लागले.

"अहो, रद्दी आहे ती. नाडी काय बघताय?" मी म्हणालो.

"जिवंत आहे का बघतोय."

"जिवंत असेल तर भाव दुप्पट."

"आणि मेलेली निघाली तर खांदा तू देशील का, भंगारशेठ?"

मी एकलहऱ्याला वीजकेंद्राचे काम चालू असताना डोक्यावरून लोखंड वाहून उभा राहिलेला माणूस. मला बोलण्यात गप्प करणारे थोडे. चिडून मी मुकुटाचा भाव वाढवला. अण्णांनी घासाघीस न करता तो दिला. मला आणखी राग आला. जाताना म्हणाले, "वाळवी लागली की कागद आतून कुरकुरतो. कुरकुर ऐकू आली तर घाबरायचं नाही, धावायचं. पण ऐकू येऊन मग थांबली, तर समज, आता खायला काही उरलं नाही."

अण्णा नाशिक रोडच्या प्रेसमध्ये होते. दिवसभर कोऱ्या करकरीत नोटा नजरेखालून जात. "कोरा कागद बोलत नाही रे," असे म्हणत आणि सगळा पगार जुन्या कागदावर घालत. कॉलनीतल्या दोन खोल्यांत विटांवर ठेवलेल्या पेट्या, पेट्यांत कडुनिंबाचा पाला. दर रविवारी सगळ्या पेट्या उघडायच्या, वारा द्यायचा, प्रत्येकीला कान लावायचा. काकू चहा देताना मला म्हणाल्या, "माझा खोकला ह्यांना ऐकू येत नाही, पण पेटीतला किडा बरोबर ऐकू येतो."

त्या पेट्यांत एका प्रॉम्प्टरची हातची वही होती. विंगेत उभे राहून नटांना विसरलेली वाक्ये सुचवणारा तो माणूस. पानांवर मेणाचे डाग, कडेला पेन्सिलीने लिहिलेले, 'इथे टाळी. थांबा.' मुंबईचा एक गिऱ्हाईक त्या वहीसाठी माझ्यामागे लागला होता. मी विचारले, तर अण्णा तडकले.

"तू विकशील."

"मग? पैसे मोजून घेतलेली वस्तू माणूस जपतो, अण्णा. फुकटची कोणी जपत नाही."

त्यानंतर काही महिने ते दुकानाकडे फिरकले नाहीत. तेवढ्यात वकीलसाहेब त्यांच्या घरी पोहोचले. ते नाट्यसंग्रहालय समितीचे अध्यक्ष. त्यांनी शब्द दिला: काचेची कपाटे, प्रत्येक वस्तूखाली अण्णांचे नाव, आणि खोलीची किल्ली अण्णांकडेच. त्या किल्लीवर अण्णा विरघळले. भर सभेत दान जाहीर झाले, शाल-श्रीफळ झाले, टेम्पो आला. गंगापूर रस्त्यावरच्या सभागृहामागे एका खोलीत पेट्या गेल्या. खाली विटा नाहीत, शेजारी मोरी. आणि समितीने दाराला कुलूप लावून वर लाखेचे सील ठोकले. उद्घाटनाला पाहुणे म्हणून मंत्री येणार, सील त्यांच्याच हातून तुटणार. किल्ली वकीलसाहेबांच्या खिशात.

पाहुण्यांची तारीख मिळेना. आधी निवडणूक आली, मग सिंहस्थ, मग पाहुण्यांचे खातेच बदलले. अण्णा दर रविवारी नाशिक रोडहून बस पकडून येत, दाराला कान लावून उभे राहत. येणारेजाणारे हसत. एका रविवारी ते थेट माझ्या दुकानात आले. चेहरा राखेसारखा.

"लागली," एवढेच म्हणाले.

आम्ही दोघे वकीलसाहेबांकडे गेलो. अण्णांनी हात जोडले. "एकदाच उघडा. पेट्या फक्त उन्हात काढतो, परत ठेवतो."

वकीलसाहेब हसले. "अण्णा, आत्ताच सील तोडलं तर मग उद्घाटन कसलं? आणि तुम्हाला इतक्या लांबून किडे ऐकू येतात? कमाल आहे बुवा!"

मी टेबलावर मूठ आपटली. तिथून निघून दुकानातली पहार उचलली आणि त्या दाराशी गेलो, अण्णा मागोमाग. अण्णांनी माझा दंड धरला. पकड सोडली नाही.

"दिलेली वस्तू आहे, शेठ. कुलूप तोडलंस तर चोर ठरशील. आणि तुला मी आणलं, म्हणजे मीही."

त्यांनी पुन्हा दाराला कान लावला. मलाही लावायला लावला. आधी काही कळेना. मग ऐकू आले. दूरवर कोणी कोरडा पापड चावावा तसे, न थांबता. "ऐकलंस?" अण्णा म्हणाले. "तू बरोबर बोलला होतास. विकायला हवं होतं." इतक्या वर्षांत वादात मी त्यांच्याशी पहिल्यांदा जिंकलो, आणि तो विजय मला अजून गिळता येत नाही.

पुढच्या थंडीत अण्णा गेले. घरात पेट्यांखालच्या विटा तशाच रांगेत होत्या. काकूंनी त्या हलवू दिल्या नाहीत. "पेट्या परत आल्या तर?" म्हणाल्या. शोकसभेत वकीलसाहेब मोठे सुंदर बोलले.

गेल्या आठवड्यात मी त्या दाराशी जाऊन आलो. लाख तशीच आहे, फक्त काळी पडली आहे. उंबऱ्याखालून मातीची एक बारीक रेघ बाहेर येऊन भिंतीवर चढली आहे. मी कान लावला. बराच वेळ उभा राहिलो.

आता आतून काहीच ऐकू येत नाही.

वकीलसाहेब, किल्ली तुमच्याच खिशात आहे. पाहुणे नकोत, हार नकोत. काकू अजून आहेत, त्यांना मी रिक्षाने घेऊन येतो. त्यांच्यासमोर ते दार उघडा आणि तुमच्याच तोंडाने सांगा, आत काय उरले आहे?