रामटेके भाऊंचा तंगूस

घरी आणलेला मासा एका जेवणात संपतो. निसटलेला मात्र वर्षानुवर्षं पुरतो. त्यामुळे आमच्याकडे मासे नाहीत, किस्से भरपूर आहेत. आणि खरं सांगायचं तर त्यातले निम्मे माशांचे नाहीतच, तंगुसाचे आहेत. तंगूस म्हणजे गळाचा तो नायलॉनचा दोरा. मासा बिचारा आपल्या वाटेनं जात असतो, आमची सगळी मारामारी चालते ती रिळावरच्या तंगुसाशी.

आम्ही तिघं. मी चामोर्शीत मास्तर. रामटेके भाऊ एका दवाखान्यात ड्रेसर, म्हणजे जखमा बांधणारे. आणि मडावी भाऊ धानाचा शेतकरी, त्याची बांधी, म्हणजे भातखाचर, वैनगंगेला लागून, म्हणून आमचा अड्डाही तिथंच. चौथी मडावीची माय. ती आमच्यात बसत नाही, पण तिच्याशिवाय आमचं पान हलत नाही.

यात खरा जीव टांगलेला आहे तो रामटेके भाऊंचा. तीन वर्षांपूर्वी पाहुण्यांसमोर त्यांच्या बायको, सुनीतावहिनी, त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "यायच्या भरवशावर राह्यलो तर मासा फोटोतच पाहा लागन." भाऊंना ते लागलं. आपल्या कढईत मावणार नाही एवढा मासा स्वतः पकडून आणीन, तेव्हाच माशाचा तुकडा ताटात घेईन, असं त्यांनी तिथंच जाहीर केलं. माणूस माशाचा इतका शौकीन की पंधरा दिवसांतच पळवाट काढली. वहिनींनी बाजारातला मासा रांधला की हे ताट पुढे करायचे आणि म्हणायचे, "तुकडा नोको. रस्सा चालते. रस्सा म्हंजे पानीच."

तीन वर्षं हा माणूस पाण्यावर आहे.

*

एकदा अहेरीहून एक इंजिनिअर साहेब आले. त्यांचं रीळ असं चकचकीत की आम्ही आपली रिळं पिशवीत ढकलली. नवा तंगूस त्यांनी स्पूलवर, म्हणजे रिळातल्या फिरकीवर, अगदी काठोकाठ भरला होता. जास्त तंगूस, जास्त लांब फेक, असा हिशेब.

साहेबांनी ऐटीत काठी फिरवली. स्पूलवरून वेटोळीच्या वेटोळी एकदम सुटली, गुंतून त्यांचा खोपा झाला आणि गळ साहेबांच्याच बुटावर येऊन पडला. मडावीनं शांतपणे बोट दाखवलं, "साहेब, नदी तिकडं हाय."

साहेब दुपारपर्यंत तो खोपा सोडवत होते. तेवढ्या वेळात मायनं बांबूच्या कांडीला गुंडाळलेल्या तंगुसानं तीन मासे काढले. जाताना ती त्यांच्याजवळ थांबली. "बाबू, पान्याचा गुंड काठापर्यंत भरून डोक्शावर घेतला तर सांडनच ना? जरासा उना ठेवाव."

तेव्हापासून आम्ही स्पूल काठाला बारीकशी जागा ठेवूनच भरतो. साहेबसुद्धा, असं ऐकतो.

*

दुसऱ्यांवर हसून झालं, आता माझं. तंगुसाचं नवं बंडल जमिनीवर कोणत्या बाजूनं ठेवायचं यालाही शास्त्र आहे. उलटं ठेवलं तर रिळावर जाताना प्रत्येक वेढ्याला पीळ बसतो. मी मास्तर, त्यामुळे कुणाला विचारलं नाही. शंभर मीटर पीळ भरला.

मडावी म्हणाला, आता गळ काढून टाका, वजन काढून टाका आणि नुसता तंगूस वाहत्या धारेत सोडून द्या, नदी आपोआप पीळ काढते. उपाय एकदम खरा. मी पुलाखाली धारेत काठी धरून अर्धा तास उभा राहिलो. पुलावरून आमच्या शाळेतल्या एका मुलाचा बाप चालला होता. तो खाली आला, काय लागलं विचारू लागला.

"काई नाई. तंगूस सरळ करून राह्यलो," मी म्हणालो.

त्यानं तंगुसाचं टोक पाहिलं. गळ नाही. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पुलावर परत चढला.

सोमवारी हेडमास्तरांनी मला केबिनमध्ये बोलावलं, पाणी दिलं आणि फार मायेनं विचारलं, "घरी सगळं बरं आहे ना?"

*

रामटेके भाऊ काटकसरी. तंगूस वापरून झिजतो तो पुढचा अर्धा, आतला अर्धा कोराच राहतो. म्हणून ते वर्षातून एकदा तंगुसाची कूस बदलतात, सगळा उलगडायचा आणि झिजलेलं टोक आत घालून परत भरायचा. गोधडी उलटावी तसं.

त्यासाठी लांब मोकळी जागा लागते. भाऊंनी बाजाराचा दिवस सोडून बाजाराचं मैदान निवडलं. एक टोक कशाला तरी बांधायला हवं होतं, तर समोर एक काळी-पिवळी जीप उभी होती. तिच्या मागच्या शिडीला बांधलं आणि रीळ घेऊन मागे मागे चालत गेले.

जीप भरली. जीप आष्टीला निघाली.

रीळ असं किंचाळलं की मैदानातली गुरं उठून उभी राहिली. भाऊ काठी दोन्ही हातांनी धरून जीपमागे धावताहेत, तंगूस कापायचं सुचत नाही, आणि मडावी सायकलच्या दांडीवर बसून ओरडतो आहे, "ढील द्या भाऊ, ढील द्या!"

तो तंगूस आष्टीला गेला तो गेलाच.

*

मग नवा आणावा लागला. या वेळी भाऊंनी विणलेला, बारीक, पांढरा, भारीतला दोरा आणला. मासा किती दोरा घेऊन गेला ते कळावं म्हणून दर दहा हातांवर लाल खूण केली. रंग कुठला? वहिनींची नेलपॉलिशची शिशी. नागपूरच्या भाचीनं आपल्या लग्नात दिलेली, वहिनी ती सणासमारंभालाच काढायच्या. भाऊंनी ती खुणांसाठी संपवली आणि रिकामी शिशी नदीवरच्या आमच्या कचऱ्याच्या पिशवीत टाकली.

नेमकी त्याच दिवशी भाऊंची थोरली बहीण, वंदनाताई, घरी येऊन गेली होती. शिशी दिसेना तेव्हा वहिनींनी जो अर्थ काढायचा तो काढला. नणंद-भावजयीचं बोलणं बंद झालं. चार महिने! एकाच गल्लीत दोन घरं, आणि एकीनं अंगण झाडायला घेतलं की दुसरी आत. भाऊंना सगळं ठाऊक, पण तोंड उघडायची हिंमत नव्हती. "सांगतो, सांगतो," म्हणायचे. "एक मोठा मासा लागू द्या, त्याच्या खुशीत सांगून टाकतो."

त्या विणलेल्या दोऱ्याची एक खोड असते. तो गुळगुळीत असतो, नुसत्या धातूच्या स्पूलवर पकड घेत नाही. खाली चिकटपट्टीचा वेढा घालायचा आणि वर घट्ट गाठ मारायची. भाऊंनी दवाखान्यातली चिकटपट्टी लावली, दोऱ्याचं टोक तिच्याखाली दाबलं आणि गाठ मारलीच नाही. मडावीनं टोकलं तर म्हणाले, "वीस वर्षं झाले, माही पट्टी कधी सुटली नाई."

एका शनिवारी दुपारी मासा लागला. काठी कमानीसारखी वाकली. लाल खुणा एकामागून एक पाण्यात चालल्या. शेवटची खूण गेली, स्पूलचा तळ दिसला, आणि दोऱ्याचं टोक पट्टीखालून अलगद निघून पाण्यात गेलं.

स्पूलवर फक्त पट्टी उरली, छान गुंडाळलेली. मडावीनं ती निरखली आणि म्हणाला, "भाऊ, पेशंट पळाला."

आम्ही हसलो खरे, पण भाऊंचा चेहरा पाहून मला फार वाईट वाटलं.

*

रविवारी सकाळी मडावीचा फोन. माय नदीवर गेली होती, लव्हाळ्यात तिच्या पायात दोरा अडकला. सुटा तंगूस दिसला की ती उचलतेच, वासरांच्या पायात गुंततो म्हणून. ती शिव्या घालत ओढू लागली, तर पलीकडून कुणीतरी ओढलं!

आम्ही पोचलो तेव्हा तिनं दोरा झाडाला बांधून ठेवला होता. पाण्यात रोहू, हातभर लांब, जिवंत. भाऊंना वाटलं, मासा आता मायचा. माय म्हणाली, "ज्याचा गळ त्याचा मासा. घेऊन जा." भाऊंनी तिच्या पायाला हात लावला. डोळे भरले होते त्यांचे, खोटं कशाला सांगू.

आम्ही दोघंही जेवायला त्यांच्याबरोबर निघालो. घरी वहिनींनी मासा कढईवर आडवा धरून पाहिला. दोन्हीकडून बाहेर. पण त्यांचा विश्वास बसेना. "बाजारातून आणला असन."

"बाजारातून?" भाऊ पेटले. पिशवीतून दोऱ्याचं गुंडाळं काढून त्यांनी वहिनींच्या हातात ठेवलं. "हा पाहा माहा दोरा. दर दहा हातावर माही खून हाय."

वहिनींनी एक खूण पाहिली. दोरा सरकवून दुसरी पाहिली. मग तिसरी, तिच्यावर नखानं जरा खरवडलं. मडावीनं माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे.

"ताईकडं रांधाचा मोठा गंज हाय," वहिनी म्हणाल्या. "आख्खा मासा तिकडं नेऊन द्या. आन् शिशी कोनं नेली, तेही सांगून या."

भाऊ मासा घेऊन गेले, अर्ध्या तासानं रिकाम्या हातानं आले. आम्हाला वरण-भात वाढला गेला. जेवण निम्मं झालं तेव्हा दारातून वंदनाताईंची हाक आली, चार महिन्यांनी पहिली, आणि मागोमाग त्या स्वतः, हातात रश्श्याचा डबा. वहिनींनी त्यांना आपल्या शेजारी बसवलं. ताईंना वाढलं, मडावीला वाढलं, मला वाढलं, स्वतःला घेतलं.

भाऊंनी हळूच ताट पुढे केलं. "तुकडा नोको. रस्सा चालते."

वहिनींनी पाण्याचा तांब्या उचलला आणि त्यांचा पेला काठोकाठ भरला.