एक पत्रिका कमी

लेकीच्या लग्नाच्या पत्रिका एकशे बेचाळीस करायच्या ठरल्या. तो आकडा माझा होता, त्यामुळे जी चूक झाली ती दुसऱ्या कुणाच्या माथी मारायची सोय नाही.

पत्रिका छापखान्यातून आणायच्या नाहीत, घरी हातानं करायच्या, हे मुलीनं आधीच सांगितलं होतं. ती हैदराबादला नोकरीला. घरून काम करायची मुभा घेऊन दोन महिने बीदरला आली होती. सगळ्यात आधी तिनं तारीख कळवणारी एक छोटी चिठ्ठी केली. काळा कागद, त्यावर चंदेरी शाईची वेल. आमच्या घरात काळ्या धातूवर चांदी जडवलेलं एक जुनं बिदरी तबक आहे, त्यावरचीच वेल तिनं लाकडी ठशात कोरून घेतली होती. खाली लिहिलं, ‘ही तारीख आमच्यासाठी राखून ठेवा’, आणि त्या चिठ्ठीचा फोटो सगळ्यांना फोनवर पाठवला. जनवाड्याहून माझ्या थोरल्या बहिणीचा लगेच फोन. “काळ्या कागदावर लगीन कळवायलाव? घरात शहाणं माणूस न्हाई का कुणी?” पण करजगीहून मुलीच्या धाकट्या मामाचं एका शब्दाचं उत्तर त्याच्याही आधी आलं होतं: ‘ठेवली.’

हा मामा म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. थोरल्या भावाचे गुडघे गेलेले, पाच मिनिटं उभं राहवत नाही. त्यामुळे अंतरपाटाच्या वेळी मुलीच्या पाठीशी मामा म्हणून धाकट्यानं उभं राहायचं, हे ठरलेलं होतं. मुलीलाही तोच हवा होता. तिला सायकल त्यानंच शिकवली.

खऱ्या पत्रिकेला मात्र बहिणीचं ऐकून हळदी रंगाचा जाड कागद घेतला आणि वेल कुंकवाच्या रंगात काढली. हातकागदाचे चोवीस ताव होते. एका तावात सहा, म्हणजे एकशे चव्वेचाळीस. त्यातल्या दोन वाया गेल्या. एकीवर शाई पसरली, दुसरीवर माझा अंगठा उमटला, कारण वाळली का ते मी बघत होतो. एका बाजूला मराठी मजकूर, एका बाजूला कानडी, आणि वर ज्याच्या त्याच्या घरचं नाव मुलीच्या अक्षरात.

यादी मी केली. बीदर छप्पन्न, जनवाडा अडतीस, करजगी आणि तिकडची गावं सत्तावीस, देवापुढची धरून बाकी एकवीस. त्यावर बायको म्हणाली, “करजगीला माझ्या माहेरी दोन लिवा. दोघा भावांचं काही खरं न्हाई. वयनी फोनवर नीट बोलंना झालीय.”

“दार एकच आहे ना?”

“दार एक हाय ओ. चुलीचं काय?”

आमच्याकडे निमंत्रण चुलीला असतं. भाऊ एका छताखाली राहत असले तरी वेगळे शिजवत असतील, तर पत्रिका वेगळी. हे मला न कळण्यासारखं नव्हतं. पण दोन लिहिल्या की बेरीज एकशे त्रेचाळीस व्हायची आणि कागद एकशे बेचाळीसचा होता. वेगळं झाल्याचं कुणी कळवलेलं नाही, असं म्हणून मी यादीत नुकतंच घातलेलं धाकट्याचं नाव खोडलं.

लग्नाला तेवीस दिवस असताना आम्ही दोघं करजगीला गेलो. कलबुर्गीपर्यंत रेल्वे, पुढं बस. पिशवीत सत्तावीस पत्रिका, प्रत्येकीवर नाव. घराच्या दाराशी आलो तर भिंतीवर विजेचे दोन मीटर. एक जुना, कळकट, एक नवाकोरा. मी बायकोकडे पाहिलं नाही. आत थोरल्याच्या पायरीवर बसलो तेवढ्यात उजवीकडून कुकरची शिट्टी झाली आणि ती संपते न संपते तोच डावीकडून दुसरी.

थोरल्याच्या हातात अक्षतांसकट पत्रिका ठेवली. धाकटा डावीकडच्या ओसरीवर बसून होता. उठला नाही.

“दाजी, किती पत्रिका आणलाव?”

“सत्तावीस.”

“आमच्या दारात किती?”

तो नव्या मीटरकडे बोट करून म्हणाला, “सरकारला कळलं हितं दोन घरं हायत म्हणून. दाजीला न्हाई कळलं. एवढे हिशेबी दाजी!”

बायको म्हणाली, “अरे, चूक झाली. तू अक्षता घे, पत्रिका मागून येती.”

“अक्का, तोंडी बोलावणं शेजाऱ्याला करत्यात. पोरगी म्हणली तारीख राखून ठेव, मी ठेवली. आता बोलवायचं कुणी?”

पिशवीतली दुसऱ्याच्या नावाची पत्रिका देता येत नव्हती. त्याच्या ओसरीवर आम्हाला पाणी मिळालं, चहा मिळाला नाही.

बीदरला आल्यावर मी यादी रोज नव्यानं बेरजेला घ्यायचो. बेरीज दरवेळी बरोबर यायची आणि त्यानंच जास्त धडकी भरायची. मामा फोन उचलत नव्हता. तो आला नाही तर मुलीच्या पाठीशी कुणीतरी लांबचा उभा करावा लागणार, आणि मंडपातलं प्रत्येक माणूस विचारणार, सख्खा मामा कुठाय? मुलीनं मला काही विचारलं नाही. ते तर आणखी अवघड होतं.

कागद संपला होता. पण ताव कापताना निघालेल्या काठाच्या पट्ट्या मी टाकल्या नव्हत्या, दोऱ्यानं बांधून ठेवल्या होत्या. मुलीनं त्यातल्या आठ पट्ट्या एका पुठ्ठ्यावर शेजारीशेजारी चिकटवल्या आणि वर ठसा मारला. वेल प्रत्येक सांध्यावर जराशी तुटली. नाव लिहायला तिनं बराच वेळ घेतला.

“मी येते बरोबर,” ती म्हणाली. पण नवरीनं स्वतःची पत्रिका वाटत फिरायचं नसतं. बायको म्हणाली, “ज्यानं खोडलं त्यानं जावं.”

मी एकटा गेलो. या वेळी सरळ डावीकडच्या ओसरीवर चढलो. धाकट्यानं पत्रिका उजेडाकडे धरली, सांध्यांवरून नख फिरवलं.

“थोरल्याला अख्खी अन् मला तुकड्याची. कामून?”

“कागद संपला होता. तुझी बहीण दोन लिहा म्हणत होती. बेरीज बसेना म्हणून तुझं नाव मी खोडलं. तुझ्या बहिणीची चूक नाही, पोरीची तर नाहीच.”

त्याच्या बायकोनं कुंकू लावलं, चहा दिला. अक्षता त्यानं घेतल्या. येतो म्हणाला नाही, न्हाई म्हणाला नाही. मी परत निघालो तेव्हा पत्रिका त्याच्या मांडीवरच होती.

लग्नाच्या दिवशी थोरल्याची गाडी नऊला आली. त्यात धाकटा नव्हता. मुहूर्त अकरा बावीसचा. मी पाहुण्यांना हात जोडत होतो आणि डोळे फाटकाकडे. पावणेअकराला बायकोनं आपल्या जनवाड्याच्या एका चुलतभावाला तयार राहायला सांगितलं. मुलगी पाटावर येऊन उभी राहिली तेव्हा तिनं एकदा मागं वळून पाहिलं. मागं तो चुलतभाऊ होता.

मुहूर्ताला पाच-सहा मिनिटं कमी असताना फाटकातून जीप आली. धाकटा, त्याची बायको, दोन पोरं. तो सरळ माझ्याकडे आला.

“दाजी, जेवायला आम्ही किती धरलाव?”

“चार.”

“थोरल्याचे धरून?”

“थोरल्याचे पाच वेगळे.”

“मग ठीक हाय,” म्हणाला, पायातल्या चपला माझ्यासमोरच सोडल्या आणि मांडवात जाऊन त्या चुलतभावाच्या खांद्याला हात लावला. चुलतभाऊ बाजूला झाला. मुलीनं मागं न बघताच पदर सावरला. मी त्याच्या चपला उचलून एका बाजूला नीट ठेवल्या आणि अक्षता घ्यायला गेलो.