उलटी सायकल

टेकडीच्या माथ्यावर दम खात पाणी पीत होतो, तेव्हा खालच्या वळणावर उलटी करून ठेवलेली सायकल दिसली. चाकं वर, सीट मातीत. शेजारी एक बाई बसल्या होत्या.

पूर्वी डोंगरात सायकल चालवणारे आम्ही आठ-दहाजणच होतो, तेव्हा उलटी सायकल दिसली की ब्रेक आपोआप लागायचे. हा नियम कुणी घालून दिला नव्हता. एकाकडे पंप असायचा, दुसऱ्याकडे जादा ट्यूब, आणि कुणाकडेच काही नसलं तर सगळे मिळून पायी उतरायचो. आता रविवारी या उतारावर रांग लागते आणि प्रत्येकाच्या हँडलवर मोबाइलमध्ये सेकंद पळत असतात.

माझ्या डोळ्यांदेखत दोघे उतरले. पहिला ओरडला, "ठीक ना?" आणि वळणाआड गेला. दुसराही तेच ओरडला. उत्तर ऐकायला दोघांपैकी कुणीच थांबलं नाही. मला संताप आला. पण गेल्याच रविवारी असंच ओरडत मी एकाला मागे टाकलं होतं. त्यानं काय उत्तर दिलं, ते मला आजही माहीत नाही.

मी सुसाट उतरलो, त्या वळणावर करकचून ब्रेक दाबले आणि पाय टेकला. मी तोंड उघडायच्या आतच, मान वर न करता, त्या बाई म्हणाल्या, "ठीक आहे, जा तुम्ही."

त्यांचं मनगट टम्म सुजलं होतं.