तुटून लांब झालेली सुई

कारखान्यात त्यांना धागाकाकू म्हणत. समोरच्या माणसाशी बोलता बोलता त्याच्या बाहीवरचा सुटा धागा चिमटीत धरून कट्‌कन तोडायचा आणि बोलणं पुढे चालू ठेवायचं, ही त्यांची सवय. एकोणीस वर्षं शर्टांच्या तपासणीच्या टेबलाशी उभं राहिल्यावर माणसाला जगात दोनच प्रकारचे कपडे दिसतात. धागा सुटलेले, आणि सुटायच्या बेतात असलेले.

यातलं 'उभं राहिल्यावर' महत्त्वाचं. त्या टेबलाला खुर्ची नव्हती. डॉक्टरांनी काकूंच्या पोटऱ्यांवरच्या निळ्या गाठी दाबून पाहिल्या आणि म्हणाले, "बसून करायचं काम बघा. नाहीतर काम सोडा." कारखान्यात बसून करायची कामं दोन. एक शिवणाचं, ते काकूंच्या बोटांनी केव्हाच सोडलं होतं. दुसरं इंटर्नल ऑडिटच्या खोलीतलं. तिथे नेमकी एक जागा निघाली आणि काकूंनी अर्ज ठोकला.

"म्हणजे करायचं काय तिथे?" सासूबाईंनी विचारलं.

"नेमून दिलेलं काम नेमून दिल्यासारखं होतंय का, ते बघायचं. होत नसेल तर लिहून ठेवायचं."

"अगं, ते तर तू लग्न झाल्यापासून करतेस! आता त्याचा पगार मिळणार म्हण की."

शिकवणी लेकीने घेतली. ती कॉलेजात होती आणि आईला प्रश्न विचारायची संधी आयुष्यात पहिल्यांदाच आली होती, त्यामुळे हातात छडी तेवढी घ्यायची बाकी होती. काकू भाजी चिरत, लेक कागद बघून विचारी.

"तपासनीस आणि ऑडिटर यांत फरक काय?"

"तपासनीस शर्टातली चूक शोधतो. ती तपासनिसाला का दिसली नाही, हे ऑडिटर शोधतो."

"म्हणजे आता तू स्वतःलाच पकडणार," काका म्हणाले. काका निवृत्त कटिंग मास्तर. हयात कापड कापण्यात गेल्यामुळे दुसऱ्याचं बोलणं मध्येच कापण्यातही त्यांचा हात बसला होता.

"बाबा, गप्प बसा. स्वतःचं काम स्वतः तपासायचं नाही, हा पहिला नियम आहे. आई, पाठ कर."

"केलाय गं."

नुसतं पाठ करून भागेना, म्हणून सराव सुरू झाला आणि सरावाला जवळचं म्हणून स्वयंपाकघर निवडण्यात आलं. पहिल्याच दिवशी सापडलं की 'मीठ' लिहिलेल्या डब्यात साखर आहे आणि 'साखर' लिहिलेल्यात मीठ.

"घरात सगळ्यांना माहीत आहे ते!" सासूबाई म्हणाल्या.

"नवीन माणसाला माहीत नाही ना, आई." काकूंनी वहीत नोंद केली आणि लगेच डब्यांतल्या वस्तू बदलून टाकल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी सवयीने 'मीठ' लिहिलेल्या डब्यातून दोन चमचे चहात घातले. पहिला घोट घेऊन ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. लेकीने आईच्या वहीत लिहिलं, 'बदल करण्याआधी सर्वांना कळवावे.' काकांनी आपल्या कपाटाला त्याच दिवशी कुलूप लावलं.

मुलाखतीला सात उमेदवार होते. काकूंची पाळी आली तेव्हा ऑडिटचे साहेब उठून 'बसा' म्हणाले. काकू बसल्या. खुर्चीला हात होते आणि पाठीला मऊ उशी होती. त्यांनी एकवार टाचा उचलून खाली ठेवल्या आणि ही जागा आपल्याला हवी, हे पोटऱ्यांनी पुन्हा एकदा बजावून सांगितलं.

साहेबांनी प्रश्न विचारलेच नाहीत. एक जाडजूड वही पुढे सरकवली. "ही तुटलेल्या सुयांची वही. अर्धा तास घ्या. काय दिसतं ते सांगा."

शिवताना सुई तुटली की तिचे सगळे तुकडे शोधायचे, वहीत चिकटपट्टीखाली लावायचे, तपासनिसाने सही करायची आणि मगच नवी सुई मिळायची, असा कारखान्याचा नियम. एखादं टोक शर्टात राहिलं तर ते कुणाच्या तरी गळ्याशी जाणार. तुकडा सापडला नाही तर त्या मशीनवरचे सगळे शर्ट बाजूला काढून धातू शोधायच्या यंत्राखालून घालायचे. त्यात अर्धा दिवस जातो आणि सुपरवायझरचा आवाजही. म्हणून शिवणाऱ्या बायका जुन्या सुयांची टोकं एका डबीत जपून ठेवत. कुणाचं टोक हरवलं की शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तसं टोक उसनं आणायचं आणि सुई पुरी करायची. हे सगळ्यांना माहीत होतं. नवीन माणसाला माहीत नव्हतं, आणि साहेब नवीन होते.

काकूंनी एक कोरी सुई मागून घेतली आणि पानापानावर तुटक्या सुयांशेजारी धरत गेल्या. बऱ्याच सुया पुऱ्या भरत होत्या. तीन पानांवरच्या मात्र तुटून लांब झाल्या होत्या. दोन तुकडे जोडले तर मूळ सुईपेक्षा करंगळीच्या नखाएवढ्या जास्त. काकूंनी पानांचे आकडे लिहिले.

त्यांतल्या तिसऱ्या पानावर त्यांचा हात थांबला. खाली सही होती. पहिलं अक्षर मोठं, शेपूट लांब, खाली दोन टिंबं. एकोणीस वर्षं रोज होणारी.

तो दिवस त्यांना आठवला. दाराशी ट्रक उभा होता, वही कुणीतरी पुढे केली होती. काकूंनी सुईकडे पाहिलंच नव्हतं. शर्टावरचा केसभर धागा पकडणाऱ्या बाईने. ते शर्ट कुठे गेले, कुणी घातले, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

वही मिटता आली असती. दोन पानं सांगूनही शाबासकी मिळाली असती. काकूंनी पदराने चष्मा पुसला आणि पुन्हा लावला. सही तीच होती.

"तीन पानांवरचं टोक उसनं आहे," त्या म्हणाल्या आणि डबीची हकिगत सांगितली. "पण यातली दोनच पानं मी तपासली म्हणून लिहा. तिसरं दुसऱ्या कुणाला द्या."

"का?"

"सही माझी आहे. स्वतःचं काम स्वतः तपासायचं नसतं."

साहेबांनी पान जवळ ओढलं. "तुम्ही सुई बघितली नव्हती?"

"नाही."

"हे लिहून द्याल?"

"द्या कागद."

कागद लिहून झाल्यावर काकू उठल्या, सवयीने साहेबांच्या कॉलरवरचा एक धागा तोडला आणि बाहेर पडल्या. ते त्यांना जिन्यावर आठवलं.

घरी हे ऐकून काका म्हणाले, "म्हटलं नव्हतं मी, तू स्वतःलाच पकडणार म्हणून?" या वेळी त्यांचं बोलणं कुणी कापलं नाही.

आठ दिवसांनी एकाच शिपायाने दोन लिफाफे आणून दिले. काकूंनी ते जावक क्रमांकाप्रमाणे उघडले. पहिल्यात खुलासा मागितला होता, न बघता सही का केली म्हणून. दुसऱ्यात नेमणूक होती.

"आधी गोड उघडायचं गं," सासूबाई म्हणाल्या.

"आई, क्रमाने."

खुलाशाला तीन दिवसांची मुदत होती. काकूंनी पहिल्याच दिवशी, ऑडिटच्या खोलीत, चार ओळींत उत्तर लिहिलं. लिहिलं मात्र बसून.