दारातली निळी बादली

दत्तूअण्णा कांबळे गेल्याचा फोन त्यांच्या सुनेनं केला, तेव्हा वाईट तर वाटलंच. आणि मग, लाज बाजूला ठेवून सांगतो, मला हायसं वाटलं… आठवड्यापूर्वीच शिरोळला जाऊन त्यांना भेटून आलो होतो. नाहीतर वर्षभराचा अबोला तसाच राहिला असता.

अण्णा आणि मी शिरोली एमआयडीसीतल्या एकाच फाउंड्रीत तीस वर्षं राबलो. निवृत्तीनंतरही हा माणूस स्वस्थ बसला नाही. लांबच्या एका देशात भूकंप झाला आणि ते आमच्या गल्लीत ब्लँकेटं गोळा करायला हजर. एका संस्थेमार्फत ती तिकडं जाणार होती. बायकांनी ब्लँकेटांबरोबर भाकरी आणि ठेचाही बांधून आणला. पूर आला की कोल्हापूरकर तेच तर पाठवतात. अण्णांनी एकीलाही परत धाडलं नाही. भाकरी टेम्पो भरणाऱ्या हमालांना वाढली. मला मात्र चेव आला. चारचौघांत म्हणालो, "हितं आपली माणसं पुरात बुडत्यात आणि अण्णास्नी परदेशाचा पुळका." गल्ली हसली. अण्णा टेम्पोत जाऊन बसले. चूक माझीच होती, पण वर्षभर तसं म्हणायला जीभ रेटेना.

ते आजारी पडल्याचं कळलं तेव्हा कुठं गेलो. खाटेवरूनच त्यांनी सुनेला पाणी द्यायला सांगितलं. दारात तोटीची एक निळी बादली असायची. येणारा-जाणारा कुणीही तिच्यातलं पाणी प्यायचा, मीही कितीदा प्यायलो होतो. तिच्यातूनच सुनेनं तांब्या भरला.

"घर पाण्यात गेलतं तवा मदतीत आलती ही बादली," अण्णा म्हणाले. "कुठल्या देशातनं, ठावं न्हाय. वरची अक्षरं अजून कुणाला वाचता आली न्हाईत. पर तिथं बी कुणीतरी म्हणलंच असंल की, आधी आपल्या माणसांचं बघा… तरी बादली आली."

चुकलो, एवढंच मी म्हणालो. ते हसले आणि पाणी पी म्हणाले. परतताना एसटीत कितीतरी दिवसांनी मला गाढ झोप लागली.

अण्णांच्या माघारी झालेल्या जलदान विधीला घर माणसांनी भरलं होतं. बादली रिकामी झालेली दिसली, म्हणून मी ती नळावर नेऊन भरली आणि पुन्हा दारात ठेवली. कागलकडच्या एका पावण्यानं पाणी पिऊन त्या अक्षरांवर बोट ठेवलं. ही कुणी पाठवली, म्हणून विचारलं.

"आपल्याच माणसांनी," मी म्हणालो.