भट्टीपाशी दिसलेली माझी ओळ

शिरोलीच्या कारखान्यांवरून जाताना लोखंड ओतायच्या फौंड्रीतल्या करपलेल्या वाळूचा वास आला, की मला अजून माझीच एक ओळ आठवते. वेबपानांतल्या स्क्रिप्ट ब्राउझरशिवाय चालवणारा एक प्रोग्राम, म्हणजे रनटाइम, मी काही वर्षांपूर्वी नोकरी सांभाळून घरी लिहीत होतो. कोड सगळ्यांना खुला आणि फुकट. गंमत म्हणून तो सुरू होताना पडद्यावर "चालू हाय की, पावणं!" असं उमटायचं. एकदा मित्राबरोबर त्याच्या मामांच्या फौंड्रीत सहज गेलो होतो. वितळलेल्या लोखंडाच्या झळेनं डोळे चुरचुरत होते, आणि कोपऱ्यातल्या धुळकट कॉम्प्युटरवर तीच ओळ! "हे इथं काय करतंय?" मी ओरडलोच. मामा म्हणाले, "भट्टी गार ठेवणारं पाणी थांबलं तर भोंगा वाजवणारा प्रोग्राम ह्येच्यावरच चालतोय. न्हायतर भट्टी फुटंल की!" भट्टीसमोर उभा असून माझे हातपाय गार पडले. "आणि हाच बंद पडला तर?" मामा हसले. "पडतोय कशाला? बनवणाऱ्यानं त्याचा इचार केलाच असंल की!" तो बनवणारा मीच; मी वाकून त्या कॉम्प्युटरची वायर घट्ट बसलीय का तेवढं बघितलं. आता नवी आवृत्ती सोडण्याआधी मी पडद्याकडं बघून एकटाच विचारतो, "पाणी चालू हाय न्हवं?"