लाइनमनची सात संत्री
संत्र्याच्या सालीचा वास आला की मला सौंसरच्या शाळेच्या मैदानावरची ती संध्याकाळ आठवते. दिल्लीच्या एशियाडनंतर आमच्याकडे बास्केटबॉलचं वेड आलं होतं. गावच्या संघात दोन ताडमाड गडी होते, पण टाळ्या मिळायच्या त्या चपळ, बुटक्या खेळाडूंनाच. पोस्टातला उंच गडी डोळे गच्च मिटून चेंडू फेकायचा. दुसरा, वीज खात्यातला लाइनमन, कुणाला आपला धक्का लागला की खेळ सोडून आधी हात जोडायचा. तरी या दोन उंचांत लाडका कोण, यावर आम्ही प्रेक्षक हंगामभर भांडलो. शेवटी दोन पेट्या मांडल्या आणि ठरवलं, आवडत्याच्या पेटीत प्रत्येकानं एक संत्रं टाकायचं. लाइनमनसाठी सगळ्यांत जास्त ओरडलो होतो मी. पण पोस्टवाल्याची पेटी भरत चाललेली पाहून माझं संत्रं ऐन वेळी तिकडेच पडलं. लाइनमनच्या पेटीत सातच निघाली. तो लाजून हसला. "सात जणं! मले तं वाटे, लोक माह्या उंचीले हासूनच राहिले." त्यानं एक संत्रं सोललं आणि पहिली फोड माझ्या हातावर ठेवली. "हे तुमचंच असन, भाऊ." मी होकारार्थी मान डोलावली आणि फोड तोंडात टाकली. गोड निघाली, तेच आजवर सलतं.